यंत्राने सांगितलं, ठरवलं कुणी?

१६ एप्रिल २०२५ रोजी नाशिकमध्ये शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाचं निर्धार शिबिर झालं. त्यात बाळासाहेब ठाकरे यांच्या आवाजातलं भाषण ऐकवण्यात आलं. बाळासाहेबांना जाऊन तेव्हा बारा वर्षं उलटली होती. आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेला होता आणि ते कुणापासून लपलेलंही नव्हतं. विरोधकांनी त्याला पोरखेळ म्हटलं, आवाज किती हुबेहूब जमला यावर चर्चा झाली आणि विषय मिटला. माझ्या मते तो तिथून सुरू व्हायला हवा होता. २०२५ च्या राजकारणावर बाळासाहेब काय बोलले असते, हे कोणत्याही यंत्राला ठाऊक असणं शक्य नाही. ते कुणीतरी ठरवलं असणार, वाचलं असणार, ‘हे चालेल’ म्हटलं असणार. पण त्या भाषणाला नाव चिकटलं ते बाळासाहेबांचं.

यंत्र माणसाची जागा घेणार का, या एकाच प्रश्नावर आपल्याकडची बरीचशी चर्चा खोळंबलेली असते. नाशिक जिल्ह्यात हे तंत्र जिथे शिरलं आहे किंवा शिरू पाहतं आहे, तिथे मात्र वेगळंच दिसतं. निर्णय यंत्राकडे जात नाही, तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकतो. बांधावरच्या माणसाकडून मुंबईतल्या बैठकीकडे, वॉर्डातल्या डॉक्टरकडून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याकडे, चौकातल्या हवालदाराकडून नियंत्रण कक्षाकडे. आणि सरकताना त्याच्यावरचं नाव पुसलं जातं. माणसाच्या निर्णयाची किंमत जोखायची तर या पुसल्या जाणाऱ्या नावाचा माग काढायला हवा.

सुरुवात द्राक्षबागेपासून करू, कारण दिंडोरी-निफाडच्या बागायतदाराइतके निर्णय एका हंगामात घेणारा माणूस कचेऱ्यांमध्ये शोधून सापडणार नाही. एप्रिलची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी, फेलफूट काढणं, विरळणी, घड जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात बुडवणं, आणि या सगळ्यात डावणी, भुरी, करपा या रोगांशी चाललेली झटापट. गेल्या काही वर्षांत अनेक बागांमध्ये छोटी हवामान केंद्रं उभी राहिली. जमिनीतला ओलावा, हवेतली आर्द्रता, पान किती तास ओलं राहिलं याची ती नोंद घेतात आणि डावणीचा धोका वाढल्याचं मोबाइलवर कळवतात. हे काम ती माणसापेक्षा चांगलं करतात, यात वाद घालण्यासारखं काही नाही. रात्री दोन वाजता पानावर दव किती, हे बघायला कोण उठणार? धोका नसल्याचं खात्रीने कळलं तर एक फवारणी वाचते, पैसा वाचतो आणि निर्यातीच्या मालात रसायनाचा अंश कमी राहतो.

पण धोका कळला म्हणून फवारणीचं ठरत नाही. बाग फुलोऱ्यात आहे का, काढणीला किती दिवस उरलेत, कालच्या पावसाने ट्रॅक्टर रुतेल का, शेजारच्या बागेत काय दिसतंय, दुकानदाराची उधारी कुठवर आली आहे, हे सगळं मध्ये येतं. शिवाय यंत्र बागेच्या एका जागी रोवलेलं असतं. डावणी मात्र आधी दिसते ती पाणी साचणाऱ्या सखल भागात, आणि तो भाग कोणता हे सकाळी बागेत फेरी मारणाऱ्यालाच माहीत असतं. बागायतदार मोबाइलवरचा इशारा वाचून आधी त्या कोपऱ्यात जातो, पान उलटं करून बघतो आणि मग ठरवतो. इशारा आणि फेरी दोन्ही असतात तिथेच या तंत्राचा फायदा होतो. इशारा आला म्हणून फेरी बंद झाली, की पैसे दिले असूनही बागेचं नुकसानच.

२०२५ च्या मे महिन्यात या तंत्राची दुसरी मर्यादा दिसली. खरड छाटणीनंतर काडीत सूक्ष्म घड तयार होत असतात आणि त्या दिवसांत ऊन लागतं. त्या वर्षी मेमध्येच पाऊस बसला, मॉन्सूनही लवकर आला, आणि गोडी छाटणीनंतर अनेक बागांमध्ये घडच कमी निघाले. मागच्या नोंदींवर शिकलेल्या यंत्राने असं वर्ष पाहिलेलं नसतं. माणसानेही पाहिलेलं नसतं, हे कबूल. तरी ‘यंदा लक्षण बरं नाही’ अशी शंका माणसाला येते आणि तो काडी तपासायला पाठवतो. यंत्र अनोळखी वर्षातही नेहमीच्याच ठामपणे आकडा देत राहतं.

याहून जुनी आणि अधिक महागात पडलेली गोष्ट २०१० ची आहे. त्या हंगामात युरोपात गेलेली भारतीय द्राक्षं क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे अडकली. बागायतदार ज्याला सीसीसी किंवा लिहोसिन म्हणतात, तेच हे वाढ रोखणारं रसायन. अंश तपासणीची व्यवस्था तेव्हाही होती आणि ती चालूही होती. पण ज्या रसायनांसाठी नमुने तपासले जात होते त्या यादीत हे नव्हतं, आणि बागेत ते सर्रास वापरलं जात होतं. यादी तयार करणाऱ्याने बागेत विचारलं नाही, बागेतल्याला यादी ठाऊक नव्हती. तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा संबंध नव्हता, पण आजची यंत्रंही याच जातीची आहेत. जे मोजायला सांगितलं ते ती अचूक मोजतात. मोजायचं काय राहिलं, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

नाव कसं पुसलं जातं हे पाहायचं असेल तर हवामान आधारित फळपीक विमा पाहावा. या योजनेत अवेळी पाऊस किंवा कमी तापमानाची नुकसानभरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर. ठरलेला उंबरठा ओलांडला तर पैसे, नाही ओलांडला तर नाही. यात तलाठ्याची मर्जी नाही, पंचनाम्याची वाट पाहणं नाही, वशिला नाही. पंचनाम्यासाठी ज्याने हेलपाटे घातलेत त्याला हे केवढं मोठं सुख आहे, ते सांगायला नको. पण पाऊस मंडळाची हद्द बघून पडत नाही. केंद्र कोरडं आणि चार किलोमीटरवरची बाग पाण्यात, असं झालं की त्या शेतकऱ्याने दाद कुणाकडे मागायची? तलाठ्याशी भांडता येत होतं, आता समोर आकडा आहे. आणि तो उंबरठा काही आकाशातून आलेला नाही. किती मिलिमीटर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे एका बैठकीत माणसांनीच ठरवलेलं असतं. निर्णय तिथेच झाला. शेतकऱ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याला निसर्गनियमाचं रूप आलं.

राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये महाअॅग्री-एआय धोरण २०२५-२०२९ मंजूर केलं आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद ठरवली. शेतकऱ्याला मोबाइलवर सल्ला देणं हा त्याचा मोठा भाग आहे. सल्ला मिळावा, जरूर मिळावा. सटाणा-मालेगावकडचा शेतकरी अहिराणीत विचारणार आणि यंत्र पुस्तकी मराठीत उत्तर देणार, ही अडचण आज ना उद्या सुटेलही. पण गावात येऊन सल्ला देणाऱ्या कृषी सहायकाच्या बाबतीत एक सोय होती. चुकीचं औषध सांगून गेलेल्या कृषी सहायकाला पुन्हा त्याच गावात यावं लागे आणि चहाच्या टपरीवर त्याला गाठता येई. मोबाइलमधल्या सल्लागाराला कुठे गाठायचं, याचं उत्तर कोणत्याही धोरणाने सल्ला सुरू होण्याआधी द्यायला हवं.

इथे दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख माणसाची आरती होईल. माणसाचा निर्णय सगळीकडे मौल्यवान नसतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सुट्या भागावरचा केसाएवढा ओरखडा शोधायचा असेल तर पाळीच्या सातव्या तासाला माणसाच्या डोळ्यापेक्षा कॅमेरा बरा. बुद्धिबळात तर प्रश्नच मिटला आहे. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने कास्पारोव्हला हरवल्यावर काही वर्षं असं म्हटलं जाई की माणूस आणि संगणक मिळून खेळले तर दोघांपेक्षा सरस ठरतात. आज उत्तम संगणकाच्या खेळात माणसाने हात घातला तर खेळ बिघडण्याचीच शक्यता जास्त.

‘माणूस अधिक यंत्र म्हणजे दोघांहून चांगलं’ हे समीकरण भाषणांत फार ऐकू येतं. २०२४ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या नियतकालिकात १०६ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष या भाषणांना धक्का देणारा आहे. सरासरीने पाहता माणूस आणि यंत्र यांची जोडी दोघांपैकी जो एकटा अधिक चांगला होता त्याच्यापेक्षा कमी पडली. निर्णय घेण्याच्या कामांत तोटा अधिक दिसला, काही नवं तयार करण्याच्या कामांत फायदा. आणि ज्या कामात माणूस मुळातच यंत्राहून सरस होता, तिथे जोडीने दोघांनाही मागे टाकलं. माझ्या दृष्टीने अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच. ज्याला काम येतं त्यालाच यंत्राचं कुठे ऐकावं आणि कुठे नाही हे कळतं. न येणाऱ्याच्या हाती यंत्र दिलं तर तो नको तिथे मान डोलावतो आणि नको तिथे हट्ट धरतो.

वैद्यकात याचे पुरावे सर्वांत स्वच्छ आहेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नाशकातच असल्याने हा विषय इथल्या अभ्यासक्रमाचाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये क्षयरोगाच्या प्राथमिक चाळणीसाठी छातीच्या एक्स-रेचं संगणकाकडून वाचन मान्य केलं. तालुक्याच्या गावी रेडिओलॉजिस्ट मिळत नाही, ही आपली परिस्थिती बघता ही मोठीच सोय. पण मान्यता चाळणीला आहे. संशयित ठरलेल्याची थुंकी तपासायची आणि निदान डॉक्टरने करायचं. स्वीडनमध्ये ८० हजारांहून अधिक स्त्रियांच्या स्तनतपासणीच्या चाचणीत निम्म्या गटासाठी यंत्राची मदत घेतली, तेव्हा चित्रं वाचण्याचा भार ४४ टक्क्यांनी घटला आणि कर्करोग शोधण्यात काही उणं पडलं नाही. हे यश आहे, आणि ते तसंच मांडायला हवं.

पोलंडमधून ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली बातमी मात्र सावध करणारी आहे. तिथल्या अनुभवी डॉक्टरांना मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत यंत्राच्या मदतीची सवय झाली. त्यानंतर यंत्राविना केलेल्या तपासण्या पाहिल्या तर आधी २८.४ टक्के तपासण्यांत गाठी सापडत होत्या, त्या आता २२.४ टक्क्यांत सापडत होत्या. हे शिकाऊ नव्हते, प्रत्येकाने हजारो तपासण्या केलेल्या होत्या. अभ्यास एकच आहे आणि त्यावरून फार मोठं विधान करू नये. पण सराव सुटला की हात विसरतो, हे तबलजीला सांगावं लागत नाही, आणि डॉक्टरही त्याला अपवाद नसावेत. वैद्यकीय विद्यार्थ्याने एक्स-रे आधी स्वतः वाचावा, आपलं मत कागदावर लिहावं आणि मगच यंत्राचं मत उघडावं, एवढा नियम जरी केला तरी पुष्कळ साधेल. त्याला खर्च काहीच नाही.

न्याय आणि प्रशासनाकडे वळलं की प्रश्न कौशल्याचा राहत नाही, सहीचा होतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केएमजी वायर्स या कंपनीच्या प्रकरणात प्राप्तिकर खात्याचा एक आकारणी आदेश रद्द केला. आदेशात आधार म्हणून दिलेले न्यायनिर्णय अस्तित्वातच नव्हते. ३ कोटी ९ लाखांच्या दाखवलेल्या उत्पन्नाची आकारणी जवळपास २८ कोटींवर गेली होती. यंत्राने दिलेले निकाल तपासून घेतल्याशिवाय वापरता येणार नाहीत, असं न्यायालयाने बजावलं. अमेरिकेत २०२३ मध्ये वकिलांनी असेच बनावट दाखले दिले आणि ५,००० डॉलर दंड भरला. मुंबईतलं प्रकरण मला त्याहून गंभीर वाटतं, कारण वकिलाची चूक पकडायला समोर दुसरा वकील असतो. करदात्यापुढे असतो तो सरकारचा आदेश. त्याच्याकडे उच्च न्यायालयात जाण्याची ऐपत नसती तर?

या आदेशावरही माणसाची सही होतीच. म्हणून ‘शेवटचा निर्णय माणसाचाच असेल’ या आश्वासनावर मी फारसा विसंबत नाही. समोर प्रकरणांची चळत, प्रत्येकाला थोडा वेळ, यंत्राचा मसुदा तयार, आणि त्याच्या विरुद्ध गेलं तर कारण लिहावं लागणार पण त्याच्या बाजूने गेलं तर काहीच नाही. अशा टेबलावर बसलेला माणूस निर्णय घेत नसतो, शिक्का मारत असतो. हरियाणात रोहतक जिल्ह्यातल्या १०२ वर्षांच्या एका आजोबांचं पेन्शन संगणकातल्या ‘मृत’ या नोंदीमुळे थांबलं. २०२२ मध्ये त्यांनी आपण जिवंत आहोत हे दाखवायला वाजतगाजत वरात काढली. जिवंत माणूस समोर उभा असताना पडद्यावरची नोंद खरी मानली जाते, कारण पडदा बदलण्याचा अधिकार समोरच्या कारकुनाला नसतो. त्याची बुद्धी शाबूत असते, हात बांधलेले असतात.

युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यात जोखमीच्या यंत्रप्रणालींवर मानवी देखरेख बंधनकारक आहे, आणि देखरेख करणारा यंत्रावर आंधळेपणाने विसंबू शकतो याचीही दखल त्यात घेतली आहे. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात यंत्राने घेतलेल्या निर्णयाविरुद्ध माणसाकडे दाद मागण्याचा स्वतंत्र हक्क नाही. पण आपल्या हाती २००५ पासून दुसरं हत्यार आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला देणं सार्वजनिक प्राधिकरणावर बंधनकारक आहे. ‘प्रणालीने नाकारलं’ हे कारण होऊ शकत नाही. नाशिकच्या माहिती अधिकार कार्यकर्त्यांनी हे कलम या कामी वापरून पाहावं.

आता सिंहस्थ कुंभमेळा. हा सगळा प्रश्न नाशकात जिवावर बेतणारा होतो तो इथे.

२७ ऑगस्ट २००३ च्या पर्वणीला, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवशी, गोदावरीवरच्या रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक मेले. सरदार चौकाच्या त्या उताराला जुने नाशिककर आजही ती जागा म्हणून दाखवतात. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहाच्या वर माणसं झाली की गर्दी माणसांसारखी वागत नाही, पाण्यासारखी वाहू लागते, आणि मग आतल्या कुणाच्याच हाती काही राहत नाही. म्हणजे जे करायचं ते त्याआधी करायचं.

२०१५ च्या सिंहस्थाआधी मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतल्या एमआयटीत संशोधन करणारे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभमेळ्याच्या प्रश्नांवर तोडगे शोधणारा ‘कुंभथॉन’ हा उपक्रम भरला. त्यातून पुढे आलेल्या नीलय कुलकर्णी या नाशिकच्या शाळकरी मुलाने ‘अशियोटो’ ही पायाखाली अंथरायची चटई तयार केली. चटईवर पडणारी पावलं मोजून किती माणसं पुढे गेली हे त्याच क्षणी कळत असे. त्या कुंभात तिने १८ तासांत पाच लाखांहून अधिक माणसं मोजली. चेहरा टिपायचा नाही, ओळख विचारायची नाही, फक्त मोजायचं. इतकं साधं आणि इतकं नेमकं यंत्र मला तरी दुसरं आठवत नाही.

त्याच सिंहस्थातली दुसरी गोष्ट यंत्राची नाही, पण या आढाव्यात ती मला सर्वांत बोलकी वाटते. २९ ऑगस्ट २०१५ च्या पहिल्या पर्वणीला पोलिसांनी २००३ ची धास्ती घेऊन इतके अडथळे उभारले की भाविकांना मैलोन्‌मैल चालावं लागलं आणि अपेक्षेपेक्षा फारच कमी लोक घाटावर पोचले. टीका झाली. १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला बंधनं सैल केली गेली, गर्दी झाली आणि ती सुखरूप पारही पडली. केवळ सुरक्षिततेचा आकडा पाहणाऱ्या यंत्राला पहिली पर्वणीच उत्तम वाटली असती. एकही अपघात नाही! पण भाविक स्नानाला येतो, सुरक्षित राहायला नाही. दोन्ही तोलून ‘थोडी जोखीम घेऊ’ असं कुणीतरी ठरवलं आणि ते निभावलं.

याउलट प्रयागराज. २०२५ च्या महाकुंभात कृत्रिम बुद्धिमत्तेचे शेकडो कॅमेरे आणि एकात्मिक नियंत्रण कक्ष होता. २९ जानेवारीला मौनी अमावास्येच्या पहाटे संगमावर चेंगराचेंगरी झाली. सरकारने त्या वेळी जाहीर केलेला मृतांचा आकडा ३० होता. कॅमेऱ्यांना गर्दी दिसली नसेल, असं मानायला जागा नाही. दिसणं आणि रस्ता बंद होणं यांच्या मधल्या वेळात माणसं गेली. दक्षिण कोरियात सोलच्या इतेवॉनमध्ये २९ ऑक्टोबर २०२२ च्या चेंगराचेंगरीत १५९ जण गेले. तिथे तर पहिला इशारा यंत्राचा नव्हता, गल्लीत अडकलेल्या माणसाचा फोन होता, संध्याकाळी ६ वाजून ३४ मिनिटांनी, दुर्घटनेच्या सुमारे चार तास आधी. असे अकरा फोन पोलिसांना आले. माहितीचा तुटवडा प्रयागला नव्हता आणि सोललाही नव्हता. ऐकून लगेच काही करण्याचा अधिकार असलेला माणूस जागेवर नव्हता.

नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७, दुसरं ३१ ऑगस्ट, तिसरं नाशकात ११ सप्टेंबर आणि त्र्यंबकला १२ सप्टेंबर. कॅमेरे, ड्रोन, गर्दीचा अंदाज सांगणारी प्रणाली हे सगळं येणारच आहे आणि यावंही. पण निविदांमध्ये कॅमेऱ्यांची संख्या लिहिली जाते, पोलीस चौकीवरच्या उपनिरीक्षकाने किती मिनिटांत, कुणालाही न विचारता, रस्ता बंद करायचा हे लिहिलं जात नाही. पडदा हिरवा असताना त्याने डोळ्यांवर विश्वास ठेवून बंद केला आणि नंतर त्याची गरज नव्हती असं निघालं, तर त्याची चौकशी लागणार नाही, हेही लिहिलेलं नसतं. ते लिहिल्याशिवाय तो बंद करणार नाही, वरून आदेश येण्याची वाट बघेल. त्याच्या जागी तुम्हीआम्हीही तेच करू.

म्हणून कुंभमेळा प्राधिकरणाला आणि नाशिक पोलिसांना एवढीच विनंती आहे. ध्वजारोहणाच्या आधी प्रत्येक घाट आणि प्रत्येक उतार यांच्यासमोर एका अधिकाऱ्याचं पद लिहावं, यंत्र काहीही सांगत असलं तरी प्रवाह थांबवण्याचा अधिकार त्याला लेखी द्यावा, आणि ती यादी नाशिककरांना वाचायला मिळेल अशी प्रसिद्ध करावी.